महूच्या छावणीतली लाल शराब

पीथमपुरातल्या कारखान्यांकडे पाठ करा आणि महूच्या रस्त्याला लागा. चालता चालता दोन शतकं मागं सरा. १८२० चा फाल्गुन. ना डांबर, ना ट्रक. दोन्ही अंगांना माळव्याची काळी जमीन आणि एकाच वावरात पेरलेला गहू-हरभरा. मंदसोरचा तह होऊन दोन वर्षं झाली आहेत. होळकरांचा मुलूख आक्रसला आहे, मैनाबाई पवारांनी जिवापाड राखलेलं धार संस्थान कंपनीच्या आश्रयाला गेलं आहे आणि महूला गोऱ्यांची छावणी पडली आहे.

तिथल्या मेसमागं आबदार बसलाय. पेयं गार राखणं हे त्याचं काम. अमेरिकेतला बर्फ कलकत्त्याला उतरायला अजून तेरा वर्षं आहेत, म्हणून तो पाण्यात सोरा विरघळवतो आणि गारठलेल्या पाण्यात बाटली फिरवत राहतो. साहेब तिला क्लॅरेट म्हणतात, आबदार लाल शराब. बोर्डोहून निघालेली ही वाइन आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन् महिने जहाजात हेलकावे खात मुंबईला उतरली आणि बैलांबरोबर विंध्य चढून इथवर आली.

एक घोट घ्या. आधी पिकल्या करवंदांचा वास, मग लाकडाचा. मग जीभ कोरडी पडते. हा तुरटपणा कॅबरनेचा. त्याला गोलाई देणारी मर्लो किंवा मालबेक मागून येते. कॅबरने नदीकाठच्या खडेवाल्या जमिनीत उशिरा पिकते, मर्लो चिकणमातीतही लवकर तयार होते. एकीला पावसानं झोडपलं तर दुसरी तारते. मघाशी पाहिलेलं वावर याच शहाणपणानं पेरलेलं होतं.

शेवटी मिरीची झाक जाणवते, ती मात्र बोर्डोची नाही. इंग्रज गिऱ्हाइकाला दणकट वाइन आवडायची, म्हणून बोर्डोचे व्यापारी तीत ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताज मिसळत. एर्मिताज म्हणजे सिरा द्राक्षाची वाइन. या मिसळणीला पुढं कमीपणा आला, पण मला ती फार मोलाची वाटते.

भाजलेलं मटण आलं. चरबीसकट तुकडा खा, मग घोट घ्या. तुरटपणा निवळतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड सुकतं. घासात मांस आणि चरबी असली की त्याचा जोर तिथंच खर्ची पडतो. आता शेजारची झणझणीत करी चाखून पुन्हा प्या. तीच वाइन कडवट लागेल आणि मद्य घशाला जाळेल.

परत या. सिरालाच आपण शिराझ म्हणतो. त्यामुळं नाशिकची कॅबरने-शिराझ ही छावणीतल्या त्या लाल शराबीची सख्खी नातलग, आजच्या निर्भेळ बोर्डोहूनही जवळची. तिच्याबरोबर तांबडा रस्सा वाढू नका. काळी मिरी आणि खोबऱ्याचं सुकं मटण करा, पांढरा रस्सा करा. मांस खात नसाल तर चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरचीला हात आखडून. आणि पिण्याआधी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच. ही वाइन सोळा ते अठरा अंशांवर खुलते, आपल्या खोल्या त्याहून खूप गरम असतात.