तंबूतले जासूस

सिनेमाचा इतिहास लिहिताना आपण दिग्दर्शक, नट, फार तर थिएटरचा मालक इथपर्यंत येतो. पडद्यासमोर मातीत बसलेल्या माणसाला काय दिसले, काय समजले, हे सहसा कुणी विचारत नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरचा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. त्याचा भर तंबूवाल्यांवर आणि त्यांच्या यंत्रांवर आहे. मला कुतूहल होते ते प्रेक्षकाचे, त्यातही रहस्यपट पाहणाऱ्या प्रेक्षकाचे. म्हणून आमच्या बीड जिल्ह्यातल्या वयस्कर माणसांना मी विचारत आलो. कागद जवळजवळ नाहीतच. जाहिरातीची पातळ रंगीत पत्रके चुलीत गेली. करमणूक कराच्या हिशेबात तिकिटे मोजली जातात, माणसाच्या मनातला संशय नाही. तेव्हा पुढचे लेखन आठवणींच्या आधारावर आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आधी तंबूची रीत सांगतो. दिवाळी झाली की तंबू निघत आणि पावसाळ्याआधी उतरत. मुक्काम जत्रा पाहून ठरे. आमच्याकडे कपिलधारची कार्तिक पौर्णिमा, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची मार्गशीर्ष पौर्णिमा, परळीची महाशिवरात्र असे जत्रांचे पंचांगच आहे. कापडातून उजेड आत येतो, म्हणून खेळ अंधार पडल्यावरच सुरू होई. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे, पोरे पडद्याच्या पायाशी. सिनेमा आमच्यापर्यंत येईतो जुना झालेला असे. बीरेन नाग यांचा ‘बीस साल बाद’ १९६२चा. मी तो तंबूत पाहिला १९८०च्या सुमारास, म्हणजे नावाप्रमाणे जवळजवळ वीस वर्षांनीच! त्याचे मूळ कॉनन डॉयलच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या कादंबरीत आहे, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. तंबूत प्रोजेक्टर बहुधा एकच असे. २००० फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटांत संपते. शहरातल्या थिएटरात दोन यंत्रे असत, एकावरचे रीळ संपताच दुसरे सुरू होई. तंबूत मात्र दर रिळाला पडदा काळा पडे आणि ऑपरेटर नवे रीळ चढवेपर्यंत सगळा तंबू बोलू लागे. ‘म्या सांगतो, त्यो मुनीमच हाय.’ ‘मग दिवा कुनी इझवला?’ पैजा लागत. बायांच्या बाजूने येणारा तर्क पुष्कळदा जास्त नेमका असे, कारण कोण कुठल्या खोलीतून कधी बाहेर गेले याकडे त्यांचे लक्ष असे. यंत्राच्या उणिवेने प्रेक्षकाला विचार करायला वेळ दिला, असे माझे मत आहे. त्या काळी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मराठीत धडाक्याने खपत होत्या, पण त्यासाठी वाचता यावे लागे. तंबूतल्या तपासाला अक्षरओळखीची अट नव्हती.

दुसरा मुद्दा भाषेचा. बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ १९६०चा. त्यात एकही गाणे नाही. खुनाचा खटला, कोर्ट आणि अख्तर उल इमान यांचे उर्दू वळणाचे संवाद. असा सिनेमा खेड्यात कोण पाहणार? पण आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कोर्टकचेरीचा कारभार उर्दूतून चाले. माझे आजोबा बांधाच्या भांडणापायी वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या चढले होते. गवाह, बयान, जिरह, दफा हे शब्द त्यांना शाळेने नव्हे, त्या दाव्याने शिकवले. मराठी शाळेत शिकलेले माझे वडील तंबूत त्यांना अर्थ विचारत आणि आजोबा दबक्या आवाजात सांगत. ज्या कचेरीत त्यांचे कुणी ऐकून घेतले नाही, तिची भाषा त्या रात्री त्यांच्या मानाची झाली. निजामी राजवटीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद कुठे करावी, मला अजून उमगलेले नाही.

तिसरी गोष्ट तंबूचा अलिखित कायदा. जत्रेत एकच सिनेमा दोन-तीन रात्री चाले. आदल्या रात्री पाहिलेल्याने खुनी सांगायचा नाही. सांगणाऱ्याला लोक उठवून बाहेर काढत. तिकिटाचे पैसे ज्याने मजुरीतून वाचवले, त्याचे रहस्य फुकटात फोडणे ही चोरीच मानली जाई.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या गल्लीत भिंतीवर चादर लावून मी ‘कानून’ दाखवला आणि दर २२ मिनिटांनी मुद्दाम थांबवला. पहिल्या थांब्याला पोरांनी मोबाइल काढले. तिसऱ्या थांब्याला ती भांडू लागली. जिरह म्हणजे काय, हे एका मुलीने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले. त्यांनी ते उलटतपासणीच्या वकिली थाटात समजावले. मग तिने विचारले, ‘आजोबा, तुम्ही पाहिलाय ना हा? खून कोणी केला?’

ते म्हणाले, ‘बघ की गुमान.’

अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांना विचारायचे ते आताच विचारून घ्यायला हवे. खुनी कोण, हे मात्र मीही इथे लिहिणार नाही.