ऑफिस सॉफ्टवेअर, ब्रिटनमधील : किंमत आणि सुसंगतता

मजकूर लिहिणे, हिशेबाचे तक्ते मांडणे आणि सादरीकरण करणे या कामांच्या प्रणाली एकत्र देणाऱ्या संचाला ऑफिस सॉफ्टवेअर म्हणतात. घरच्या किंवा छोट्या दुकानाच्या संगणकासाठी तो घेताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे तो परवडतो का. दुसरी म्हणजे आपण केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जशीच्या तशी उघडते का. हिलाच सुसंगतता म्हणतात. ब्रिटनमध्ये या प्रश्नाची चर्चा शाळांपासून मंत्रिमंडळ कार्यालयापर्यंत झाली. अखेर सरकारने कोणत्याही कंपनीची बाजू न घेता फाइलचे स्वरूप ठरवून दिले.

स्वस्त संचांची परंपरा तिथे जुनी आहे. १९८४ मध्ये सिंक्लेअर कंपनीने ३९९ पौंडांना क्यूएल हा संगणक आणला आणि त्यासोबत सायन कंपनीच्या क्विल, अबॅकस, आर्काइव्ह व ईझल या चार प्रणाली दिल्या. पुढच्याच वर्षी ॲमस्ट्रॅडचा पीसीडब्ल्यू ८२५६ आला. पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि डॉर्किंगच्या लोकोमोटिव्ह सॉफ्टवेअरने तयार केलेली लोकोस्क्रिप्ट ही लेखनप्रणाली, हे सारे कर सोडून ३९९ पौंडांत मिळत असे. टंकलेखनयंत्रावर काम करणाऱ्या कितीतरी लेखकांचा आणि छोट्या व्यावसायिकांचा हा पहिला संगणक. पण त्याची चकती तीन इंची होती आणि पुढे जगाने साडेतीन इंची चकती स्वीकारली. शिवाय लोकोस्क्रिप्टच्या फाइलचे स्वरूप तिचे स्वतःचे होते. यंत्र बदलताना जुने लेखन नव्या संगणकावर नेण्यासाठी रूपांतराचा वेगळा खटाटोप करावा लागे. खरेदीच्या दिवशी स्वस्त पडलेल्या वस्तूची उरलेली किंमत अशी पुढे वसूल होते, आणि ग्राहकाला ती आधी दिसत नाही.

१९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे वर्चस्व इतके वाढले की ‘वर्डची फाइल पाठवा’ हीच सुसंगततेची व्याख्या झाली. तिला ब्रिटनमध्ये जाहीर विरोध केला तो शिक्षणक्षेत्रातील ‘बेक्टा’ या सरकारी संस्थेने. जानेवारी २००८च्या अहवालात तिने शाळांना ऑफिस २००७ घेण्याची घाई करू नका असे सांगितले. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांना विनामूल्य संचांची माहिती द्यावी, अशी शिफारसही केली. ज्या घरात महाग संच नाही त्या घरातल्या मुलाचा गृहपाठ शाळेत उघडला पाहिजे, ही त्यामागची काळजी रास्त होती. पुढे खर्चकपातीत संस्थाच बंद झाली.

नगरपालिकांचा अनुभव संमिश्र आहे. ब्रिस्टल नगर परिषदेने २००४-०५च्या सुमारास सुमारे ५,५०० संगणकांवर स्टारऑफिस हा पर्यायी संच बसवला आणि परवान्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात वाचवला. पण इतर सरकारी संस्थांशी होणारी फाइलींची देवाणघेवाण अडचणीची ठरली आणि काही वर्षांनी परिषद मायक्रोसॉफ्टकडे परतली. यावरून पर्यायी संच निकामी ठरतो असे नव्हे. एकटी परिषद बदलली, तिच्याशी पत्रव्यवहार करणारे बदलले नाहीत.

फाइलच्या स्वरूपाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत गेला. ओडीएफ हे खुले स्वरूप २००६ मध्ये आयएसओ मानक झाले. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएलला, म्हणजे डॉकएक्स व एक्सएलएसएक्स फाइलींमागच्या स्वरूपाला, ती मान्यता २००८ मध्ये मिळाली. ब्रिटनच्या मानक संस्थेने २००७ मध्ये त्याला नकार दिला होता, पण २००८च्या अंतिम फेरीत मत बदलले. भारतीय मानक ब्यूरो मात्र विरोधावर ठाम राहिला.

जानेवारी २०१४ मध्ये मंत्रिमंडळ कार्यालयाचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांनी सरकारी कागदपत्रांसाठी खुली स्वरूपे वापरण्याचा प्रस्ताव मांडला. ओओएक्सएमएललाही यादीत स्थान द्यावे, अशी मायक्रोसॉफ्टची मागणी होती. २२ जुलै २०१४ रोजी निर्णय जाहीर झाला : नुसती वाचायची कागदपत्रे एचटीएमएल किंवा पीडीएफमध्ये, आणि ज्यांत इतरांनी भर घालायची ती ओडीएफमध्ये. सरकारी तक्ता उघडण्यासाठी नागरिकाने अमुकच कंपनीचा संच विकत घ्यावा, ही सक्ती त्यातून तत्त्वतः संपली. अंमलबजावणी खात्याखात्यांत कमीअधिक झाली, तरी अनेक खात्यांची आकडेवारी आज ओडीएस, म्हणजे ओडीएफच्याच, तक्त्यांत मिळते. नोंदकर्त्याच्या मते सामान्य संगणकधारकासाठी हा ब्रिटनमधला सर्वांत मोलाचा निर्णय आहे.

स्वरूपाची निवड किती गंभीर ठरू शकते हे २०२०च्या शरद ऋतूत दिसले. प्रयोगशाळांकडून आलेली कोरोनाची आकडेवारी पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्यसंस्थेत जुन्या एक्सएलएस तक्त्यात भरली जात होती. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. नव्या एक्सएलएसएक्समध्ये ती १०,४८,५७६ ओळींची आहे. जादा ओळी गळाल्या आणि १५,८४१ बाधितांची नोंद वेळेत पुढे गेली नाही. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

आजच्या ग्राहकापुढे मुख्य पर्याय तीन आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या वैयक्तिक वर्गणीचा वार्षिक दर २०२५च्या आरंभी ५९.९९ पौंडांवरून ८४.९९ पौंड झाला. तिची ब्राउझरमधली मर्यादित आवृत्ती फुकट आहे. ऑफिस २०१६ व २०१९ यांचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. गूगल डॉक्सला पैसे पडत नाहीत, पण काम बहुतांशी इंटरनेटवर अवलंबून राहते. लिब्रेऑफिस विनामूल्य आहे, आपल्याच संगणकावर चालते आणि ओडीएफ हे त्याचे मूळ स्वरूप आहे. त्याच्या विकासात केंब्रिजच्या कोलॅबोरा कंपनीचा मोठा वाटा आहे. पत्रे, अर्ज, घरखर्च आणि मंडळाचा जमाखर्च एवढ्यासाठी वर्गणी भरण्याची गरज दिसत नाही. कचेरीतून मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, असलेले तक्ते घरी येत असतील तर मात्र मायक्रोसॉफ्टचाच संच लागतो, कारण मॅक्रो दुसरीकडे हमखास चालतीलच असे नाही.

फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर पाने सरकतात, ओळी तुटतात, याचे कारण बहुधा फॉन्ट असतो. कॅलिब्री नसलेल्या संगणकावर कार्लिटो आणि टाइम्स न्यू रोमनऐवजी लिबरेशन सेरिफ बसवला की अक्षरांची रुंदी तीच राहते आणि पान मोडत नाही. संच पक्का करण्यापूर्वी आपल्याच चारदोन अवघड फाइली त्यात उघडून, बदलून, मूळ संगणकावर परत उघडून पाहाव्यात.

ब्रिटनमधील मराठी घरांना यात एक वेगळी अडचण येते. गावाकडून आलेली वंशावळ किंवा लग्नपत्रिका श्रीलिपी अथवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. कोणताही संच बदलून हे सुटत नाही; मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. युनिकोडमधले मराठी मात्र विंडोजवरच्या मंगलमधून मॅकवरच्या कोहिनूर देवनागरीत गेले तरी वाचता येते, फार तर ओळी सरकतात. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा निवडावा लागतो, आणि त्यासाठी भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिप्यांचा पर्याय चालू असावा लागतो. हा पर्याय बंद राहिल्यामुळे ‘यात मराठी नीट दिसत नाही’ असा गैरसमज होतो. घरच्यांना पाठवताना दुरुस्तीसाठी ओडीटी (ओडीएफमधला मजकूर) आणि वाचण्यासाठी फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ, अशा दोन्ही फाइली जोडाव्यात.