टाकलेल्या स्त्रीचा दुसरा डाव

१/ मोडलेला डाव नायिका नव्याने मांडते आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. प्रेमकथेची ही परिचित वाट आहे. मराठी कादंबरीतील स्त्रीला मात्र हा दुसरा डाव सहज मिळाला नाही. विधवेला तो कायद्याने १८५६ मध्ये मिळाला. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला त्यानंतर नव्वद वर्षे थांबावे लागले. या दोघींमधील अंतराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते ओळखले जाते आणि त्याचा विषय विधवांची स्थिती हाच आहे. स्त्रीच्या दुसऱ्या आयुष्याचा प्रश्न मराठी कादंबरीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

३/ कायद्याने वाट मोकळी झाली, तरी तिची किंमत मोजावी लागे. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्यानुसार संपत असे. शिवाय घर आणि जात यांची संमती हा वेगळाच अडसर होता. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेला, यमूला, कायदा आधार देत होता. घर देत नव्हते.

४/ येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मणेतर जातींत 'पाट' लावण्याची, म्हणजे स्त्रीच्या दुसऱ्या लग्नाची रीत जुनी होती. काडीमोडही प्रचलित होता. स्त्रीचे लग्न आयुष्यात एकदाच, हा नियम मुख्यतः उच्चवर्णीयांचा होता. आरंभीच्या कादंबऱ्या प्रामुख्याने त्याच घरांविषयी असल्याने तो साऱ्या समाजाचा नियम भासतो.

५/ हा भेद एकाच घरात दिसतो. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई तरुणपणी विधवा झाल्या. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाची रीत होती आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. आईला दुसरा संसार लाभला. मुलीचे बालपणी लग्न लागले होते आणि त्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला.

६/ १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने कारावास भोगा, असा निर्णय सुनावला. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे नवऱ्याने दुसरे लग्न केले. रखमाबाई डॉक्टर झाल्या, नामवंत झाल्या, पण त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

७/ कायद्यातील पेच येथेच होता. विधवेचा पती हयात नसे, म्हणून तिला वाट होती. परित्यक्तेचा पती हयात असे, म्हणून ती बांधलेली राही. तोच पती मात्र दुसरी, तिसरी पत्नी करू शके. बोलीत अशा स्त्रीला 'टाकलेली' म्हणत. टाकणाऱ्यासाठी तसा शब्द रूढ झाला नाही.

८/ या स्त्रीला मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणणारी लेखिका होती बाळूताई खरे. त्यांचे शिक्षण हिंगण्याला झाले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी जो आश्रम काढला, त्यातूनच ही संस्था वाढली होती. विधवेच्या पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या जागेत शिकलेल्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला.

९/ १९३३ मध्ये 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींची मनोव्यथा त्यात होती. पुस्तकावर मोठे वादळ उठले. कथांइतकीच चर्चा लेखिका कोण याची झाली. टोपणनाव तेव्हा कशासाठी लागत असे, हे त्या वादळानेच दाखवून दिले.

१०/ १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' आली. नवऱ्याने टाकलेली नायिका दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याच्यासह राहते आणि तिला मातृत्वही हवे आहे. त्या काळच्या कायद्यात या नात्याला नाव नव्हते आणि होणाऱ्या मुलाला औरसपण मिळणार नव्हते. विवाहाचे दार बंद असताना प्रेम करणाऱ्या स्त्रीने काय करावे, हा या कादंबरीचा प्रश्न आहे.

११/ कायदा हळूहळू त्या प्रश्नापाशी पोहोचला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. ब्रिटिश अमलाखालील पुण्या-मुंबईत तो लागू नव्हता. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली आणि १९४७ मध्ये घटस्फोटाची तरतूद झाली. देशपातळीवरील हिंदू विवाह कायदा १९५५ चा.

१२/ म्हणजे 'हिंदोळ्यावर' प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या नायिकेला प्रांतिक कायद्याचा आधार मिळण्यास अजून तेरा वर्षे होती. पुढे बाळूताई विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या आणि विभावरी शिरूरकर कोण, हे गूढ उरले नाही.

१३/ आजच्या कथांतील घटस्फोटिता नव्या माणसावर प्रेम करते, तेव्हा वाचक फक्त एवढेच पाहतो की तो माणूस तिला साजेसा आहे का. इतक्या साध्या प्रश्नापर्यंत येण्यासाठी मराठी नायिकेला यमूच्या घरातून आणि रखमाबाईंच्या न्यायालयातून जावे लागले. कायद्याने तिची बाजू घेण्याआधी एका टोपणनावाच्या लेखिकेने ती मांडून ठेवली होती.