मेंदूचे पासबुक

समोरच्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे ते कळावे, ही इच्छा फार जुनी आहे. मॅनेजरला ती रजेचा अर्ज वाचताना होते, सरकारला आरोपी पकडल्यावर. मराठेशाहीत यासाठी दिव्य करायला लावीत. रवा-दिव्यात कढत तेला-तुपातला धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून बघायचे. हात भाजलेला असला की माणूस खोटा. यात मला सगळ्यात आवडते ती मोहोर. न्याय देवाचा खरा, पण पिशवीला सील हवेच! आमच्या कॅशच्या पिशवीचा मूळ पुरुष हाच असावा.

पुढे तेलाची जागा विजेने घेतली, आणि त्याला कारण झाला एक घोडा.

हान्स बर्गर हा जर्मन तरुण लष्करात होता. एकदा कवायतीत घोडा उधळला आणि हा पडला तो थेट तोफगाड्याच्या चाकासमोर. गाडा ऐन वेळी थांबला म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, खुशाल आहेस ना? घरी त्याच्या थोरल्या बहिणीला एकाएकी वाटले होते की हान्सवर काहीतरी संकट आहे, आणि तिने वडिलांच्या मागे लागून तार करायला लावली होती. आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून विषय संपला असता. पण बर्गर पडला जर्मन. आपली भीती बहिणीपर्यंत पोचली ती कोणत्या मार्गाने, हे शोधायला त्याने अख्खा जन्म घातला. तो डॉक्टर झाला, येना गावी मनोविकारांवर उपचार करू लागला, आणि १९२४ साली त्याने माणसाच्या मेंदूतली वीज प्रथमच कागदावर उतरवली. खात्री पटेपर्यंत पाच वर्षे गप्प बसला आणि १९२९ साली ते छापले. ही वीज किती? एका व्होल्टचे एक लाख भाग केले तर त्यातले चार-पाच. बचत खात्यावरचे व्याज बरे म्हणायचे!

या आलेखातून झोप कळते, फेफरे कळते, माणूस शुद्धीवर आहे की नाही तेही कळते. बहिणीला ते कसे कळले, एवढेच कळले नाही. बर्गरने १९४१ मध्ये स्वतःच आपले आयुष्य संपवले. म्हणजे मनातले ओळखण्यासाठी निघालेले हे यंत्र बाकी सगळ्या कामांना उपयोगी पडले, नेमके तेवढे काम सोडून.

ते राहिलेले काम पुन्हा वर काढले अमेरिकेने. १९६५ मध्ये सॅम्युअल सटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अपेक्षेबाहेरचे काही समोर आले की साधारण तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते. तिला पी-३०० म्हणतात. बँकवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बदल्यांची यादी लागलेली असते, दीडशे नावांवरून डोळे सरसर खाली घसरत असतात, आणि मध्येच आपले नाव येते. पोटात गोळा येतो तो नंतर. त्याच्या आधी येते ती पी-३००.

१९९१ साली लॉरेन्स फारवेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी मांडले की हीच लाट गुन्हा शोधायला वापरता येईल. संशयिताला पडद्यावर शब्द दाखवत जायचे, आणि त्यांत फक्त गुन्हेगाराला ठाऊक असतील असे काही मिसळायचे. तिथे लाट उठली की समजायचे, गडी जाणून आहे. फारवेलने याचे नाव ठेवले मेंदूचे ठसे. आयोवा राज्यात टेरी हॅरिंग्टन नावाचा कैदी एका पहारेकऱ्याच्या खुनाबद्दल १९७८ पासून जन्मठेप भोगत होता. २००० साली फारवेलने त्याच्या डोक्याला तारा लावल्या आणि सांगितले, गुन्ह्याची माहिती या डोक्यात नाही. हॅरिंग्टन २००३ मध्ये सुटला आणि यंत्राचा जयजयकार झाला. पण निकाल वाचला की गंमत कळते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले ते लाटांमुळे नव्हेच. दुसऱ्याच एका संशयिताची माहिती देणारे पोलिसांचे अहवाल बचाव पक्षाला दिले गेले नव्हते, म्हणून शिक्षा रद्द झाली. पंचवीस वर्षे हरवलेला माणूस सापडला तो फाइलीत. कारकून जमातीने हा दिवस साजरा करायला हरकत नाही.

२००४ मध्ये पीटर रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तर या यंत्राची पार फजिती केली. प्रयोगातल्या मंडळींना सांगितले, बिनमहत्त्वाचे शब्द आले की गुपचूप काहीतरी करा. बुटातल्या बुटात अंगठा हलवा, मांडीवर बोट दाबा, नाहीतर परीक्षकाने आपल्या थोबाडीत मारली अशी कल्पना करा. झाले! मेंदूला सगळेच शब्द महत्त्वाचे वाटू लागले आणि खरी लाट त्या गर्दीत हरवली.

हे सगळे परदेशातले म्हणून हसून सोडून दिले असते, पण मग पुण्याचे प्रकरण झाले.

भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत काम केलेल्या डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी आपली निराळी पद्धत काढली होती. तिचा दावा आणखी मोठा. माणसाला गोष्ट नुसती माहीत आहे की त्याने ती स्वतः केली आहे, हेही म्हणे कळते! एका तरुणाला प्रसादातून आर्सेनिक दिल्याच्या खटल्यात आरोपी तरुणीच्या डोक्याला मुंबईत बत्तीस इलेक्ट्रोड लावले. ती डोळे मिटून गप्प, आणि समोरून वाक्ये वाचली जात होती. 'मी आर्सेनिक विकत आणले.' प्रश्न नाहीच, थेट तिच्याच तोंडची वाक्ये! तिने हूं का चूं केले नाही. यंत्राने मात्र सांगितले की तिला अनुभव आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आणि दुसऱ्या आरोपीला जन्मठेप दिली, आणि इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला.

तिने विष घातले की नाही, हे मी सांगणारा कोण? माझे म्हणणे यंत्राबद्दल आहे. आमच्या शाखेत एकदा कॅश पाच हजारांनी कमी आली. संध्याकाळी आठपर्यंत सगळे बसून. 'पाच हजार' असे कोणी म्हटले की शिपायापासून हेडकॅशियरपर्यंत प्रत्येकाचा चेहरा उतरायचा. त्या वेळी डोक्याला तारा लावल्या असत्या तर अख्खी शाखा आत गेली असती. नोटा ड्रॉवरच्या मागच्या फटीत सापडल्या. ज्याला महिनोन् महिने पोलिसांनी तेच ते विचारले, ज्याने आरोपपत्र ऐकले, त्याच्या डोक्यात आर्सेनिकची नोंद नसेल तरच नवल! खात्यात नोंद आहे एवढे यंत्र सांगेलही. ती जमेला की नावे, ते कोण सांगणार?

त्याच २००८ मध्ये निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही असे मत दिले. मग ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये, हा हक्क राज्यघटनेच्या विसाव्या कलमात आहे, आणि तोंड बंद ठेवलेल्या माणसाच्या डोक्यातून उत्तर काढून घेणे हीदेखील सक्तीच. आरोपी राजी असेल तर चाचणी होते. पण त्याला वकील मिळाला पाहिजे आणि संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवली पाहिजे.

राजी असेल तर! कर्जाच्या कागदांवर 'राजीखुशीने' हा शब्द आधीच छापलेला असतो. त्याखाली सही करणाऱ्या जामीनदारांचे चेहरे मी काउंटरच्या अलीकडून वीस वर्षे बघतो आहे.