मोजणी आणि कैफियत

लालबागकडून पूर्वेस जाणाऱ्या दत्ताराम लाड मार्गाने, म्हणजे जुन्या पत्त्यांतल्या काळाचौकी रोडने, कॉटन ग्रीनच्या दिशेने सावकाश चालत गेले असता दगडी चाळी, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या भिंती, अभ्युदयनगरच्या एका साच्यातून काढल्यासारख्या ४९ इमारती आणि या सर्वांच्या माथ्यावरून डोकावणारे काचेचे मनोरे असा मुंबईच्या घरबांधणीचा शतकाहून अधिक काळाचा इतिहास अर्ध्या कोसात नजरेखालून जातो. काळ्या रंगाच्या पोलीस चौकीवरून या वस्तीस काळाचौकी हे नाव पडले, असे तेथील वृद्ध मंडळी सांगत आली आहेत. ती चौकी ज्यांनी पाहिली ते आता राहिले नाहीत. पण ती चौकी काळी का होती, याचा एक तरी निराळा खुलासा प्रत्येक चाळीत ऐकावयास मिळतो.

जुन्या मराठी दफ्तरांत कागदांचे जे नाना प्रकार आढळतात, त्यांपैकी दोन मला या वस्तीत हिंडताना नेहमी आठवतात. पहिला मोजणीचा कागद. त्यात जमिनीची लांबीरुंदी, इमल्याचे खण, चतुःसीमा आणि आकारणी नमूद केलेली असते. दुसरा कैफियतीचा, त्यात गावाने किंवा घराण्याने आपल्या तोंडाने सांगितलेली हकीगत कारकुनाने लिहून घेतलेली असते. राज्यकारभाराला दोहोंची गरज भासे, आणि एकाशिवाय दुसरा अपुरा आहे हे पेशवाईच्या व पुढे कंपनी सरकारच्या चतुर अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते. काळाचौकीसारख्या वस्त्यांची मोजणी मुंबईच्या वास्तुविशारदांनी आणि इंजिनिअरांनी पुष्कळ केली. त्यांची कैफियत मात्र फार उशिरा, जवळजवळ गिरण्यांचे भोंगे थांबल्यानंतर, लिहून घेतली गेली. ज्यांनी ती लिहून घेतली त्यांतील एक बाई व्यवसायाने वास्तुविशारद, वृत्तीने शिक्षक आणि लेखणीने इतिहासकार आहेत, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. मुंबईत हा व्यवसाय जन्मापासूनच पाटी, लेखणी आणि नकाशाचा फलक एकत्र घेऊन वाढत आला आहे.

१८९६ साली प्लेगच्या, तत्कालीन भाषेत ग्रंथिक सन्निपाताच्या, साथीने मुंबई हादरली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना होऊन गलिच्छ वस्त्या पाडण्याचा व नव्या चाळी बांधण्याचा उद्योग सुरू झाला. त्यानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानीत, १९२० साली, निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने पन्नास हजार खोल्या बांधण्याचा मनसुबा जाहीर केला आणि त्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपयाचा कर बसविला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि काळाचौकीला लागून असलेली शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, दर चाळीत ऐंशी. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या, संकल्पाच्या एकतृतीयांश.

त्या खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट. खात्याच्या नकाशात ती एक कोरा चौकोन आहे: एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी. प्रत्यक्षात तिच्यात काय काय मावत असे ते पाहू गेल्यास मती गुंग होते. मोरीच्या कट्ट्यावर पाण्याचे पिंप, भिंतीला फळीवर ओळीने लावलेली पितळेची भांडी, छताखाली लाकडी माळा, त्यावर पाहुण्यांच्या ट्रंका आणि गावाहून आलेले तांदळाचे गाठोडे, दाराआड गुंडाळून उभ्या केलेल्या वळकट्या. दिवसपाळीचा गडी उठून कामावर गेला की त्याच वळकटीवर रातपाळीचा गडी अंग टाकी. रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घेतलेली असे, आणि त्या खोलीचा हिशेब, वर्गणी, सणवार व भांडणे गावकीच्या रीतीने चालत. शेजारच्या खोलीत एखादी बाई खानावळ चालवी. तिच्या चुलीवर किती जणांचे पोट अवलंबून होते याचा आकडा खात्याच्या कोणत्याही तक्त्यात सापडावयाचा नाही. नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला, आणि या सर्वांना एका दोऱ्यात ओवणारी, चार-पाच फुटांची ती लांबलचक गॅलरी.

ही चाळ सरकारी टेबलावर आखली जात होती, नेमक्या त्याच काळात मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस नावाचे एक विलक्षण गृहस्थ नागरिकशास्त्र व समाजशास्त्र शिकवीत होते. १९१९ ते १९२४ हा त्यांच्या अध्यापकीचा काळ. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. नगररचनेकडे ते वैद्याच्या दृष्टीने पाहत आणि औषधयोजनेपूर्वी रोगनिदान झाले पाहिजे, वस्ती सरसकट पाडण्याऐवजी जपून, नेमकी तेवढीच शस्त्रक्रिया केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ज्या शहराने त्यांस अध्यापनाचे आसन दिले त्याच शहराच्या डेव्हलपमेंट खात्याने त्यांच्या या उपदेशाचा अंगीकार केला नाही. माझ्या मते गिरणगावाच्या इतिहासातील ही एक मोठी चुकलेली संधी होय. त्यांच्या विभागात पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये आले आणि समाजशास्त्राची गादी त्यांनी वैभवास नेली. परंतु समाजशास्त्र आणि वास्तुकला यांची ताटातूट मात्र तेव्हापासूनच झाली.

वास्तुकलेचे शिक्षण निराळ्या वाटेने चालले होते. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली निघालेल्या कलाशाळेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी वास्तुकलेचा पद्धतशीर अभ्यासक्रम सुरू झाला. तेथील विद्यार्थ्यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या मंडळातूनच क्रमाक्रमाने १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही अखिल भारतीय संस्था उदयास आली. व्यवसायाची संस्था शाळेच्या पोटातून जन्मावी, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. या शाळेला १९२३ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, जे प्रमुख लाभले ते क्लॉड बॅटली. इंग्लंडातील इप्सविच येथे १८७९ साली जन्मलेला हा मनुष्य १९१३ च्या सुमारास हिंदुस्थानात आला आणि १९५६ साली येथेच निवर्तला. ग्रेगसन, बॅटली अँड किंग या पेढीचे भागीदार या नात्याने १९३० साली वाहतुकीस खुल्या झालेल्या बॉम्बे सेंट्रल स्थानकासारखी कामे त्यांनी केली. परंतु त्यांचे खरे कार्य वर्गात घडले.

बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारतींकडे पाठवीत आणि त्यांची मापे घ्यावयास लावीत. खांबाची उंची, कमानीचा झोक, जाळीची वीण, छज्ज्याचा बाहेर आलेला भाग हे सर्व टेप घेऊन मोजावयाचे, जागीच कच्चे टिपण करावयाचे आणि मग परत येऊन स्वच्छ कागदावर शाईने उतरवावयाचे. अशा मोजणीतून तयार झालेल्या आकृत्यांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय वास्तुरचनेची वाढ कालानुक्रमे मांडली आहे. पुढे १९४९ साली, देश स्वतंत्र झाल्यावर, त्यांनी मुंबईच्या घरांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. एक परदेशी प्राध्यापक भारतीय तरुणांना सांगत होता, की विलायतेच्या नव्या फॅशनची नक्कल करण्यापूर्वी आपल्या देशातील ऊन, पाऊस, अंगण आणि ओसरी यांचा अभ्यास करा. याचे मोल आज कमी लेखता येणार नाही. तथापि ज्या मोजपट्टीने मंदिर आणि वाडा मोजला, ती मोजपट्टी चाळीच्या खोलीपर्यंत विद्यालयाच्या अभ्यासक्रमात पोहोचली नाही. चाळ ही वास्तुकला मानली जात नव्हती. ती बांधकाम खात्याची बाब होती.

याच विद्यालयातून १९३० च्या दशकात पेरिन मिस्त्री पदविका घेऊन बाहेर पडल्या आणि भारतातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारद ठरल्या. गजानन बाबुराव म्हात्रे यांच्यासारखे मराठी वास्तुशिल्पी शहराच्या नव्या मध्यमवर्गासाठी गोलाईदार सज्ज्यांची घरे बांधू लागले. ती दादर-माटुंग्यापासून ओव्हल मैदानापर्यंत आजही डौलाने उभी आहेत. काळाचौकीच्या रहिवाशाचा त्या घरांशी संबंध आला तो गवंडी, सुतार आणि रंगारी म्हणून.

वास्तुविशारदाने शहराविषयी लिहावे आणि त्या लिखाणाने राज्यकर्त्यांना धोरण बदलावयास लावावे, याचे मोठे उदाहरण १९६५ साली घडले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. नवी मुंबई तिच्यातून आकारास आली. कोरिया देशविदेशांत शिकवीत आणि नेमके, प्रवाही गद्य लिहीत. १९९६ साली राज्य सरकारने त्यांनाच गिरण्यांच्या जमिनींचा विचार करणाऱ्या अभ्यासगटाचे प्रमुख नेमले. त्यापूर्वी १९८२ च्या १८ जानेवारीस कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता, तो रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. आणि गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यावर पडून होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत या जमिनीची मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक अशी तीन वाटण्यांत विभागणी करण्याची तरतूद होती. २००१ साली नियमाच्या शब्दांत असा फेरफार झाला, की वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न राहता इमला वगळून उरलेल्या मोकळ्या जागेपुरतीच राहिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २००५ साली तेथे लागलेला निकाल २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात फिरला. एका नियमातील एका शब्दाच्या व्याख्येने गिरणगावाची किती जमीन गेली, हे ज्यांना नकाशा आणि कायदा दोन्ही वाचता येत होते त्यांनाच प्रथम उमगले.

नीरा आडारकर त्या मोजक्यांपैकी एक. वास्तुविशारद म्हणून व्यवसाय, प्रभादेवीच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरमध्ये अध्यापन, स्त्रियांच्या आणि गिरणी कामगारांच्या चळवळींशी दीर्घकाळचे नाते, आणि या सर्वांतून पाझरत आलेले लेखन, असा त्यांच्या कारकिर्दीचा चौपेडी गोफ आहे. बांधकामाच्या संस्कृतीत स्त्रीचे स्थान काय, पाटी वाहणाऱ्या मजूर बाईपासून नकाशा काढणाऱ्या बाईपर्यंत तिच्याकडे कसे पाहिले जाते, याविषयी त्यांनी मुंबईचे उदाहरण घेऊन लिहिले आहे. मीना मेनन यांच्यासमवेत त्यांनी गिरणगावातील कामगार, कार्यकर्ते, कलावंत आणि गृहिणी यांच्या मुलाखती घेतल्या, आणि शंभर वर्षे, शंभर आवाज अशा आशयाचे नाव असलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००४ साली कलकत्त्याच्या सीगल प्रकाशनाने काढला. त्यास केंब्रिजचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे.

या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे, की त्यात लेखिका मागे सरकतात आणि सांगणारा पुढे येतो. १९२८ चा संप आणि लाल बावट्याचे गिरणी कामगार युनियन, शाहिरांच्या रात्री, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, पुढे पालटत गेलेले राजकारण आणि १९८२ नंतरची वाताहत हे सारे तेथे वेगवेगळ्या तोंडांनी, कधी परस्परविरोधीही, सांगितले जाते. आणि विरोध मिटवून एकच तुळतुळीत हकीगत बनविण्याचा मोह लेखिकांनी आवरला आहे. हीच अस्सल कैफियतीची रीत होय. पुढे २०११ साली आडारकरांनी संपादित केलेला मुंबईच्या चाळींवरील लेखसंग्रह निघाला, त्याच्या शीर्षकातच गॅलरीला मानाचे पान आहे. नकाशावर जी केवळ येण्याजाण्याची वाट, ती वापरात पापड वाळविण्याचे अंगण, रात्रीचे शयनगृह, गणपतीचा मंडप आणि संपकाळात सभेचे व्यासपीठ होते, हे त्या रेषेची किंमत जाणणाऱ्या वास्तुविशारदाने सांगितले म्हणजे त्याला निराळे वजन येते. बॅटलींनी वाड्याच्या चौकाला जो मान दिला, तो येथे चाळीच्या कठड्याला मिळाला.

आता काळाचौकीत पुन्हा मोजणीचे दिवस आले आहेत. अभ्युदयनगरच्या २०८ चौरस फुटांच्या घरांच्या पुनर्विकासाचे ठराव आणि निविदा यांवर नाक्यानाक्यावर चर्चा चालते. इंडिया युनायटेड मिलच्या दोन व तीन क्रमांकांच्या जुन्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचा उपक्रम महापालिकेने हाती घेतला आहे, आणि तेथे यंत्रांबरोबर ती चालविणाऱ्यांचे शब्दही ठेवले जावेत अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

मागे एकदा वास्तुकलेच्या काही विद्यार्थ्यांसमवेत येथील एका चाळीत जाण्याचा योग आला. एक मुलगी टेपचे टोक धरून गॅलरीच्या भिंतीचे माप घेत होती, दुसरी आकडे टिपत होती. दारात बसलेल्या आजीबाई बराच वेळ पाहत होत्या. मग त्या उठल्या, त्यांनी भिंतीवरचे दोन गंजलेले खिळे बोटाने दाखविले आणि म्हणाल्या, “हे नाही का गं घेतलंस? माझ्या लग्नानंतर चार महिने यांवर लुगडं बांधून आम्ही दोघं इथं निजत होतो. आत दीर, सासरे, सासूबाई नि गावची दोन माणसं.” मुलगी क्षणभर थबकली. मग तिने टेप पुन्हा उलगडला, एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत ताणून धरला आणि मैत्रिणीला आकडा सांगितला: सहा फूट दोन इंच.