ब्लॉगचे स्थलांतर : चंद्रपूर-गडचिरोली

ब्लॉगचे स्थलांतर : एका होस्टिंग सेवेवर ठेवलेले वैयक्तिक लेखन तेथील छायाचित्रे व प्रतिक्रियांसह दुसऱ्या सेवेवर नेणे. बोलताना ‘होस्टिंग बदलणे’ किंवा ‘साइट हलवणे’ असे म्हणतात. लेखांचा मजकूर, चित्रांच्या फायली आणि वाचक ज्या पत्त्यावर येतो तो पत्ता या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि वेगवेगळ्या रीतीने हलवाव्या लागतात. एकीचे काम झाले म्हणजे दुसरीचे झाले असे होत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत या कामाला विशेष महत्त्व आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील पक्ष्यांच्या नोंदी, देसाईगंज (वडसा) येथून गावोगाव जाणाऱ्या झाडीपट्टी नाटकांचे वृत्तांत, झाडीबोलीतील म्हणी, माडिया व गोंडी शब्दांचे संग्रह, ग्रामसभांच्या वनहक्कांच्या हकिगती असे लेखन हौसेने केले जाते आणि बहुधा छापले जात नाही. शहरी ब्लॉगवरील पुस्तक-परीक्षण हरवले तरी ते पुस्तक दुकानात मिळते. एखाद्या मंडईतल्या (गावजत्रेतल्या) नाटकात कोणी कोणती भूमिका केली, ही नोंद हरवली तर ती दुसरीकडे सापडण्याची आशा नसते.

स्थलांतराची कारणे : फुकट सेवा बंद पडणे हे जुने कारण. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केली. पोस्टरस ही सेवा ट्विटरने २०१२ मध्ये घेतली आणि ३० एप्रिल २०१३ रोजी बंद केली. सेवा चालू असतानाही पत्ता मोडू शकतो. १९९९ मध्ये सुरू झालेली व २००३ मध्ये गुगलने विकत घेतलेली ब्लॉगर ही सेवा २०१२ पासून भारतातील वाचकांना ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ या नावाकडे वळवू लागली. अनेकांनी तेच दुवे उतरवून घेतले व इतरत्र दिले. २०२० मध्ये हे नाव गुगलच्या हातून गेले आणि असे सारे दुवे निकामी झाले. लेख जागेवरच होते, पण वाटा बुजल्या. म्हणून स्वतःचे डोमेन (स्वतःच्या नावावर नोंदवलेला पत्ता) असणे ही स्थलांतराची पूर्वतयारीच मानावी.

पत्ता : मराठी ब्लॉगकारांची एक अडचण इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकातील रोमन अक्षरांवरून बनवतो. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर त्याला काही सापडत नाही आणि पत्त्यात वर्ष-महिन्यापुढे नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ व एखादा आकडा येतो. वर्डप्रेस देवनागरी शीर्षक स्वीकारते, पण पत्त्यात त्याचे प्रत्येक चिन्ह नऊ रोमन खुणांनी लिहिले जाते. त्यासाठीची जागा २०० खुणांची असल्याने मात्रा-अनुस्वार धरून साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता तुटतो. अर्थात ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर गेलेल्या लेखाचा जुना व नवा पत्ता यांत काहीच साम्य उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी करून प्रत्येक जुन्या पत्त्यावर कायमचे वळण, म्हणजे ‘३०१ रिडायरेक्ट’, बसवणे. वर्डप्रेसचे ब्लॉगर-आयातक साधन प्रत्येक लेखासोबत जुना पत्ता साठवून ठेवते, त्यावरून ही यादी होते.

ब्लॉगस्पॉटच्या फुकट पत्त्यावर असे वळण थेट देता येत नाही. आधी स्वतःचे डोमेन ब्लॉगरलाच जोडावे, काही महिने ब्लॉग तसाच चालू द्यावा आणि मग ते डोमेन नव्या होस्टिंगकडे फिरवावे. ब्लॉगर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला डोमेनकडे पाठवत राहतो. फार तर वाटेत एक सूचना दाखवतो. जुना ब्लॉग पुसून टाकला की हा मार्ग संपतो, म्हणून तो कधीही पुसू नये.

अक्षरे : या प्रदेशातील लेखनाचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते, आणि ते लगेच दिसत नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. वर्डप्रेसच्या २००७ पूर्वीच्या मांडणीत डेटाबेस स्वतःला ‘लॅटिन-१’ या रोमन अक्षरांच्या पद्धतीचा समजत असे आणि देवनागरीचे बाइट त्यात निमूट पडून असत. नवा होस्ट त्यांचे ‘रूपांतर’ करतो तेव्हा प्रत्येक अक्षराच्या जागी स्वरचिन्हे चढलेल्या रोमन खुणांची रांग उमटते. हा बिघाड दुरुस्त होतो : बॅकअप काढताना डेटाबेसला लॅटिन-१ हीच ओळख सांगून बाइट जसेच्या तसे बाहेर घ्यायचे आणि नव्या ठिकाणी यूटीएफ-८ म्हणून भरायचे. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली असतील तर मूळ बाइट गेलेले असतात. तेव्हा ते काम तिथेच थांबवून मूळ बॅकअपकडे परतावे.

गोंडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. महाराष्ट्रात गोंडी बहुतेक देवनागरीतच लिहिली जाते, पण तिच्या दोन लिपी आता युनिकोडमध्ये आहेत. मसराम गोंडी २०१७ मध्ये, तर तेलंगणातील आदिलाबादकडच्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांवरून नाव पडलेली गुंजाला गोंडी २०१८ मध्ये समाविष्ट झाली. या लिपींची चिन्हे चार बाइटांची आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नुसते ‘यूटीएफ-८’ म्हणून जे मिळते त्यात तीनच बाइट मावतात. चार बाइटांसाठी ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हा वेगळा प्रकार २०१० मध्ये आला आणि वर्डप्रेसने तो २०१५ मध्ये स्वीकारला. जुन्या प्रकारच्या तक्त्यात गोंडी लिपीतले पहिले अक्षर येताच पुढचा सगळा लेख कापला जाऊ शकतो, आणि सैल मांडणीच्या डेटाबेसवर त्याची सूचनाही ठळकपणे येत नाही.  त्यामुळे नव्या जागी एक लेख या लिपींतले अक्षर घालून जतन करून पाहिला, तर होस्टिंग त्यांच्यासाठी योग्य आहे की नाही ते लगेच कळते.

मराठीतही एक अदृश्य चिन्ह आहे. ‘दऱ्या’मधील आडव्या रफारासाठी काही जुन्या कळफलकांनी ‘र’ला हलन्त लावून पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकले होते. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी साधने ते काढून टाकतात आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. झाडीबोलीतील लेखांवर तर शुद्धलेखन तपासणी फिरवूच नये. या बोलीत ‘ण’ व ‘ळ’ नाहीत; लेखकाने जाणीवपूर्वक लिहिलेला ‘डोरा’ यंत्र ‘डोळा’ करून टाकते आणि नोंदीचा प्राणच जातो. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत लिहिलेली पाने असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदलावीत आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

तारखांकडेही लक्ष हवे. नव्या होस्टची वेळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असेल, तर पहाटेच्या नोंदी आदल्या दिवशी जाऊन पडतात. पक्षिनिरीक्षकाच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नाही.

छायाचित्रे व जोडणी : ब्लॉगर किंवा वर्डप्रेसमधून काढलेल्या लेखांच्या फाइलीत चित्रे नसतात, त्यांचे दुवे असतात. म्हणून चित्रे वेगळी उतरवावी लागतात आणि तोवर जुनी जागा चालू ठेवावी लागते. पाच गिगाबाइटची छायाचित्रे सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चढवायला अखंड अकरा तास लागतात. गडचिरोलीतील भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो. वीज व नेटवर्क यांचाही त्या दिवसांत भरवसा नसतो. त्यामुळे पावसाळ्यात हे काम काढू नये, आणि फायली आपल्या फोनवरून न नेता एका सर्व्हरवरून थेट दुसऱ्यावर पाठवाव्यात. मध्येच तुटले तर राहिल्या जागेपासून पुढे सुरू होणारे साधन, उदाहरणार्थ आरसिंक, वापरावे.

जंगलाच्या छायाचित्रांत आणखी एक धोका असतो. फोनने व काही कॅमेऱ्यांनी काढलेल्या चित्रात अक्षांश-रेखांश दडलेले असतात. काही सेवा ते काढून टाकतात, काही मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतात. होस्ट बदलताना लेखकाच्या नकळत हे संरक्षण जाऊ शकते. वाघिणीची पिल्ले असलेली जागा, गिधाडांचे घरटे किंवा दुर्मिळ वनस्पतीचे ठिकाण शिकाऱ्याच्या वा हौशी गर्दीच्या हाती पडू नये, यासाठी चित्रे पुन्हा चढवण्यापूर्वी ही माहिती पुसावी. वर्षे नि महिने राहू द्यावेत. त्यांचा अभ्यासकाला उपयोग होतो.

बदलाची वेळ : डोमेन विकणारा आणि होस्टिंग देणारा हे बहुधा वेगळे असतात, आणि होस्टिंग बदलण्यासाठी डोमेन हलवावे लागत नाही, डीएनएसमधील, म्हणजे नावाला सर्व्हरचा पत्ता जोडणाऱ्या यंत्रणेतील, नोंद बदलली की पुरते. ही नोंद इतरांनी किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत एक-दोन दिवस आधीच पाच मिनिटांवर आणून ठेवावी, म्हणजे बदल लवकर पसरतो. त्या काळात नवे लेखन टाकू नये, कारण कोणती प्रत अद्ययावत हे नंतर उमगत नाही. डोमेनला जोडलेला ईमेल असेल तर त्याच्या नोंदी स्वतंत्रपणे उतरवून घ्याव्यात. त्या राहिल्याने टपाल बंद पडल्याचे पुष्कळांना उशिरा समजते.

डोमेनची नोंदणी लेखकाच्या स्वतःच्या नावावर व चालू ईमेलवर असावी. मदत करणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या खात्यावर ठेवलेले डोमेन त्याची नोकरी बदलली की नूतनीकरणावाचून सुटते. घरातील आणखी एका माणसाला परवलीचा शब्द व नूतनीकरणाची तारीख ठाऊक असावी.

काम सुरू करण्याआधी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आपली पाने जतन करावीत, संपूर्ण बॅकअपची एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर व एक गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे ठेवावी, आणि जुने होस्टिंग नव्या ठिकाणचा प्रत्येक लेख उघडून वाचून होईपर्यंत बंद करू नये.