रिपरिप

९ जानेवारी १९९८, शुक्रवार. मॉन्ट्रियलमध्ये तुम्ही दार उघडता आणि पहिल्याच पायरीवर पाय सटकतो. कठडा धरायला जावं तर हात निसटतो. बर्फाच्या जाड कवचाआड लोखंड दिसतंय, पण हाताला लागत नाही. वादळ म्हणावं तर घोंघावणारा वारा नाही. सोमवारपासून नुसती रिपरिप.

वर मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली उबदार, दमट हवा आहे. खाली सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यात जड, थंड हवा ठाण मांडून बसलीय. थेंब पाणी म्हणूनच खाली येतो. थंडीच्या या पातळ थरात गोठायला त्याला सवड मिळत नाही. मग तारेवर, फांदीवर, तुमच्या टोपीवर, जिथे टेकेल तिथे त्याचा बर्फ. एका थेंबाचं वजन ते कितीसं! पण नदीच्या दक्षिणेला काही गावांत हा पाऊस शंभर मिलिमीटरच्या घरात जाणार आहे.

माउंट रॉयल टेकडीवरून बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो. मेपलची फांदी मोडली. लगेच दुसरी. वर बघत चाला, उंच इमारतींवरून बर्फाच्या लाद्या सुटताहेत.

आता नदीपलीकडे. सँ-इयासँत, ग्रॅनबी आणि सँ-जाँ यांच्यामधल्या या पट्ट्याला लोक 'काळा त्रिकोण' म्हणू लागतील. शेतांतून विजेचे पोलादी मनोरे एकामागून एक कमरेत वाकून आडवे झालेत. सगळीकडचे मिळून हजारेक मनोरे पडतील. लाकडी खांब तर तीस हजारांवर.

क्वेबेकने नद्या अडवून वीज इतकी स्वस्त केली, की बहुतेकांनी घरंही विजेवरच तापवली. त्यामुळे वीज गेली म्हणजे ऊबही गेली. भारनियमनात मेणबत्ती लावून गच्चीवर गप्पा मारत बसणारे आपण. आपल्याला हे पटकन उमगत नाही. आज गावात श्रीमंत कोण, तर ज्याच्या घरी लाकडाची भट्टी आहे तो. शेजारीपाजारी पांघरुणं काखोटीला मारून त्याच्याकडे मुक्कामाला आलेत. तुम्ही मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका; तिच्या विषारी वायूने माणसं दगावताहेत. गोठ्यांत दूध काढायची यंत्रं ठप्प आहेत. एकच जनरेटर या शेतातून त्या शेतात फिरतोय, कारण गाईची कास काही वीज यायची वाट बघत नाही. एवढं करून काढलेलं दूधही ओतून द्यावं लागतं. डेअऱ्या बंद आहेत.

थोडे दिवस पुढे सरका आणि बूशेरव्हिलला या. रुळांवरून उतरवलेलं डिझेल इंजिन चक्क डांबरी रस्त्याने, स्वतःच्या चाकांवर, नगरपालिकेकडे निघालंय! मागे डांबरात दोन खोल चऱ्या पडताहेत. त्याच्या जनित्रावर नगरपालिकेत दिवे लागणार आहेत. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला आपला नमस्कार.

फांद्या तोडायला, लोकांना हलवायला लष्कर आलंय. तरी काही घरांत वीज यायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर तुमची खाट शाळेच्या व्यायामशाळेत, घोरणाऱ्या अनोळखी आजोबांच्या शेजारी.